कार्यभार

सरकारी नोकरीत आम्ही सर्वात आधी शिकतो तो चार्ज रिपोर्ट भरायला. पूर्वाह्न की अपराह्न, रोख शिल्लक किती, किल्ल्या कोणाकडे. तरुणपणी मला ही निव्वळ कारकुनी वाटे. ते मत बदलले अंदमानात.

काही वर्षांपूर्वी तपासणीच्या कामासाठी पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजय पुरम) गेलो होतो. मराठी माणूस तिथे सावरकरांच्या कोठडीसमोर नतमस्तक होतो, तसा मीही झालो. मात्र त्याच सेल्युलर जेलचा १९४२ ते १९४५ हा कालखंड आपल्याकडे कोणी फारसा सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका सहकाऱ्याने मला हमफ्रेगंजला नेले. ३० जानेवारी १९४४ रोजी जपानी सैनिकांनी हेरगिरीच्या आरोपाखाली ४४ नागरिकांना तिथे गोळ्या घातल्या. त्यांत इंडियन इंडिपेंडन्स लीगचे कार्यकर्तेही होते. लीगचे स्थानिक प्रमुख डॉ. दिवाणसिंग त्याच महिन्यात छळामुळे तुरुंगात मरण पावले होते.

हे सारे घडले तेव्हा बेटे कोणाची होती? २३ मार्च १९४२ रोजी जपानी तिथे उतरले आणि त्यांच्या नौदलाचा अंमल सुरू झाला. ६ नोव्हेंबर १९४३ रोजी पंतप्रधान तोजो यांनी टोकियोत जाहीर केले की, ही बेटे आझाद हिंद सरकारकडे दिली जातील. ३० डिसेंबरला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि बेटांना शहीद व स्वराज ही नावे दिली. दिवाणसिंग त्या वेळी कोठडीत होते. नेताजींपर्यंत ही गोष्ट पोहोचू दिली गेली नाही, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. हमफ्रेगंज घडले त्यानंतर बरोबर एका महिन्याने.

फेब्रुवारीत मुख्य आयुक्त म्हणून ले. कर्नल लोगनाथन आले. पेशाने डॉक्टर. सोबत मोजकी माणसे. त्यांच्या हाती काय आले? शिक्षण खाते. पोलीस देण्यास जपान्यांनी नकार दिला, तेव्हा पोलीस नसतील तर इतर खातीही नकोत, असे लोगनाथन म्हणाले. ज्या बेटांवर माणसे रात्रीतून उचलली जात होती, तिथे आझाद हिंदच्या मुख्य आयुक्तांनी शाळा सांभाळल्या. तब्येत ढासळल्यावर त्याच वर्षी ते परत गेले.

कर्तबगारी नव्हती म्हणून हे झाले, असे कोणी म्हणू नये. एप्रिल १९४५ च्या अखेरीस जपानी रंगून सोडून गेले, तेव्हा सुमारे ५,००० सैनिकांसह शहरात सुव्यवस्था राखणारे हेच लोगनाथन होते. माणूस तोच. रंगूनमध्ये हाताशी शिपाई होते, इतकाच काय तो फरक.

अंदमानात मात्र शेवटपर्यंत जपानी अंमलच राहिला. तांदूळ बाहेरून येत असे, समुद्रमार्ग तुटल्यावर उपासमार सुरू झाली. ऑगस्ट १९४५ मध्ये, शरणागतीच्या उंबरठ्यावर, शेतीसाठी नेतो म्हणून शेकडो लोकांना बोटींत भरून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकलण्यात आले. जे किनाऱ्याला लागले, त्यांतले बहुतेक भुकेने गेले. २०१८ मध्ये या बेटाचे नाव स्वराज द्वीप झाले.

माझ्याकडेही एकदा एका संस्थेचा अतिरिक्त कार्यभार आला होता. आर्थिक अधिकार नाहीत, शिस्तभंगाचे अधिकार नाहीत, जबाबदारी मात्र पूर्ण. मी मुकाट्याने सही केली. वर्षभराने तिथल्या कंत्राटी कामगारांचे पगार चार महिने थकले, तेव्हा ते माझ्याच दारात आले. माझ्याकडे त्यांना देण्यासारखी एक टिप्पणी होती. लोगनाथन यांनी पोलिसांशिवाय बाकीची खाती नाकारली हे मी वाचले ते त्यानंतर. आधी वाचले असते तरी मी सही केलीच नसती, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

१९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यातील खटल्यात भुलाभाई देसाई यांचा युक्तिवाद होता की, आझाद हिंद हे रीतसर सरकार होते आणि अंदमान-निकोबार हा त्याच्या ताब्यातला प्रदेश. लोगनाथन बचाव पक्षाचे साक्षीदार. त्यांनी बेटे पूर्णपणे ताब्यात होती असे म्हटले असते, तर आपल्या बाजूला ते सोयीचेच ठरले असते. त्यांनी सांगितले की, आपण शिक्षण खाते तेवढे घेतले होते.