उधाणाच्या दिवशी शाळा

झांझिबारहून परत आल्यापासून जो भेटतो तो आम्हाला एकच विचारतो, "तिकडच्या पोरांना काय शिकवलंत?" आम्ही तिघे, म्हणजे भाऊ, वहिनी आणि धाकटी बहीण, एकमेकांकडे बघतो. उत्तर तसं सोपं आहे: इंग्रजी आणि खेळ. पण ते सांगताना तिथले पहिले तीन आठवडे आठवतात आणि थोडी लाज वाटते.

आमच्यापैकी भावाने बी.पी.एड. केलेलं, वहिनीचं डी.एड. झालेलं आणि बहिणीने इंग्रजी घेऊन बी.ए. पूर्ण केलेलं. तिघांनाही नोकरीची वाट बघायची होती. अब्बांचे जहाजावरचे एक जुने सोबती झांझिबारला असतात. त्यांच्या ओळखीने तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावातल्या शाळेत जुलै-ऑगस्ट असे दोन महिने विनामोबदला शिकवायला जायचं ठरलं. तिकिटाचे पैसे आम्ही आमचेच जमवले. अम्मीने निघताना दुआ दिली आणि म्हणाली, "लोकांच्या घरी जाताय. आधी बघा, मग बोला." ही दुसरी गोष्ट आम्ही विसरलो.

दारेसलामहून बोटीने सुमारे दोन तासांत झांझिबार येतं. उतरल्यावर परकं असं फारसं वाटलंच नाही. नारळ, आंबे, फणस, मासळीचा वास, सगळं कोकणातल्यासारखं. तिथले बहुतेक मुसलमान आम्हा कोकणी मुसलमानांसारखेच शाफई. पहिल्याच दिवशी फजरच्या नमाजात इमामसाहेबांनी कुनूत पढली तेव्हा भावाला आपल्या गावच्या मशिदीत उभं असल्यासारखं वाटलं. भाषेतही ओळखीचे शब्द भेटत होते. दुकानाला दुका, खबरीला हबारी, चहाला चाय आणि पुस्तकाला किताबु. मात्र पुस्तकं अनेक झाली की विताबु! आपल्या किताबचा 'कि' त्यांनी स्वतःच्या व्याकरणात बसवून टाकला आहे. शिक्षकाला म्वालिमू म्हणतात, तोही आपला मुअल्लिमच.

या ओळखीमुळेच आम्हाला वाटलं, आपल्याला सगळं समजतं.

पहिली फजिती वेळेची झाली. भावाने शुक्रवारी वर्गात सांगितलं, उद्या शनिवारी 'सा न्ने' वाजता फुटबॉलचा सामना. सा न्ने म्हणजे चार वाजता, एवढं त्याने पाठ केलं होतं. आम्ही दुपारी चारला मैदानावर गेलो तर आठ-दहा मुलंच झाडाखाली बसलेली. बाकीची कंटाळून घरी गेली होती. स्वाहिलीत तास मोजतात ते सूर्योदयापासून. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, सकाळचे दहा म्हणजे चार. आपल्या दुपारच्या चारला ते 'सा कुमी', म्हणजे दहा म्हणतात. मुलं सकाळी दहापासून उन्हात आमची वाट बघत होती. एकानेही तक्रार केली नाही, त्यामुळे तर अधिकच वाईट वाटलं.

दुसरी चूक मोठी होती. तिथे प्राथमिक शाळेत बहुतेक शिक्षण स्वाहिलीतून होतं आणि माध्यमिक शाळेत गेलं की पुस्तकं, परीक्षा इंग्रजीतून. उर्दू किंवा मराठी माध्यमातून कॉलेजात गेलेल्यांना हा धक्का कसा असतो ते वेगळं सांगायला नको. म्हणून वरच्या वर्गांच्या इंग्रजीला तिथे फार महत्त्व. वर्गावर चाळिशीच्या एक म्वालिमूबाई होत्या. एका तासाला त्यांनी 'आयलंड' हा शब्द 'इस्लंड' असा वाचला. बहिणीने मागून पटकन तो सुधारून सांगितला. मुलं हसली. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही; शिकवायलाच तर आलो होतो!

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक वाक्य वाचलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलाने ते म्हणण्याआधी आमच्याकडे वळून बघितलं. बाईंचं बरोबर आहे ना, हे तो आम्हाला विचारत होता. मग दुसऱ्याने बघितलं. आठवडाभरात बाईंचा आवाज वर्गात खाली खाली येत गेला.

वहिनीच्या ते आधी लक्षात आलं. असरनंतर आम्ही तिघे बाईंच्या घरी गेलो. दारात 'होदी' असा आवाज दिला, आतून 'करिबू' आलं. बहीण वाकून 'शिकामो' म्हणाली. मोठ्यांना करायचा हा सलाम. मी तुमचे पाय धरते, असा त्याचा मूळ अर्थ. बाई 'मराहबा' म्हणाल्या आणि चहा टाकला. बहिणीने सरळ माफी मागितली. आपण उर्दू शाळेत शिकलो आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात इंग्रजी वाचताना मुली आपल्याला कशा हसल्या, हेही सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही ऑगस्टअखेर जाल. त्यानंतरही ही मुलं रोज माझ्याच समोर बसणार आहेत."

त्या दिवसापासून आम्ही वर्गात पुढे उभं राहणं सोडलं. असरनंतर बाईंच्या ओटीवर बसून उद्याचा धडा आधी आम्ही चौघे मिळून वाचायचो. उच्चार, प्रश्न, खेळ, सगळं तिथेच ठरायचं. वर्गात शिकवायच्या त्या. आम्ही मुलांमध्ये बसून मदत करायचो. बाई आम्हाला स्वाहिली शिकवायच्या आणि आमच्या चुकांना पोटभर हसायच्या. त्या हिशेब बरोबर करत होत्या म्हणा ना!

खेळाचंही तसंच. मैदान मुलांनी व्यापलेलं, आणि मुली पांढरे रुमाल सारखे करत भिंतीकडेला उभ्या. भावाने त्यांना बोलावलं तर हसून मागे सरल्या. मग बहिणीने शाळेमागच्या वाळूत चौकोन आखला आणि लंगडी घालून दाखवली. चेंडू नको, बूट नको. दहा मिनिटांत वीस मुली आत आल्या. त्यांनी आम्हाला त्यांचा रेदे शिकवला: दोघींनी दोन बाजूंनी चेंडू मारायचा आणि मधलीने तो चुकवायचा. रुमाल बांधून पळता येतं का, असा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. फुटबॉलच्या नियमांत डोकं झाकायला रीतसर परवानगी मिळाली ती 2014 साली. या पोरी रुमाल घट्ट बांधून आधीपासूनच पळत होत्या. त्यांना फक्त जागा हवी होती.

पण मधेच काही दिवस निम्म्या मुली यायच्याच नाहीत. भावाने वहीत 'गैरहजर' लिहून शिस्तीवर एक छोटं भाषणही दिलं. खरं कारण वहिनीने शोधलं. तिथल्या बायका समुद्रात म्वानी, म्हणजे समुद्री शेवाळ लावतात. दोरीला कोंब बांधायचे, वाढले की कापून वाळवायचे आणि विकायचे. बऱ्याच घरांत बाईच्या हातात येणारा तोच पैसा. पाणी सर्वांत जास्त ओसरतं ते उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा मुली आईबरोबर ओहोटीला जातात. उधाण आणि भांग आम्हा कोकणातल्या माणसांना कुणी शिकवायला हवं होतं का? तरीही आमच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं कॅलेंडर होतं, समुद्र नव्हता.

मग खेळाचं वेळापत्रक चांद्र तारखेवर लावलं. उधाणाच्या दिवसांत सराव नाही, भांगाच्या दिवसांत रोज. एका मुलीच्या आईने किनाऱ्यावर शेवाळ पसरता पसरता बाईंमार्फत निरोप दिला, "असं असेल तर माझी पोरगी येईल." आमच्या दोन महिन्यांच्या कामाला मिळालेलं हेच प्रमाणपत्र.

निघताना आम्ही बाईंना धड्यांची वही दिली. अर्धी आमच्या अक्षरात, अर्धी त्यांच्या. मुलं रडली, आम्हीही रडलो. पण एका मुलीने विचारलं, "पुढच्या वर्षी दुसरे कोण येणार?" तिच्या लेखी पाहुणे येतात आणि जातात. आम्ही उगाच कसलं वचन दिलं नाही.

आपल्यातले कितीतरी तरुण आता असं परदेशी शिकवायला जाऊ इच्छितात. जरूर जावं. जाण्याआधी तिथली शंभर वाक्यं शिकावीत, तिथलं घड्याळ समजून घ्यावं आणि तिथल्या शिक्षकाच्या पाठीशी उभं राहावं, पुढे नव्हे.

गेल्या महिन्यात बाईंचा आवाजी निरोप आला. लंगडी चालू आहे म्हणाल्या. फक्त मुलींनी नियम बदललेत, आता त्या दोघी दोघी मिळून पकडतात. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता आणि त्यावर चढलेला बाईंचा आवाज, खणखणीत. अल्हम्दुलिल्लाह.