कोहकाफची वाट

उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला कोहकाफचा डोंगर भूगोलाच्या तासाला भेटला नाही. तो नानीच्या गोष्टीत भेटला. पऱ्या तिथे राहायच्या, जिन शहजाद्याला तिथेच कोंडून ठेवायचे. त्याच वयात दुसरा एक शहजादा आम्हाला संगणकाच्या पडद्यावर भेटला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे त्या खेळाचे नाव. मोहल्ल्याजवळच्या संगणक क्लासमध्ये शेवटची दहा मिनिटे तो खेळायला मिळे. या दोन शहजाद्यांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे मात्र तेव्हा मनातही आले नाही.

अमेरिकेतील जॉर्डन मेक्नर या तरुणाने १९८९ साली हा खेळ तयार केला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो शहजादा खऱ्या माणसासारखा कठड्याला लोंबकळायचा, अंग सावरत वर चढायचा. वजीर जाफरने शहजादीला एका तासाची मुदत दिलेली. तेवढ्यात तळघरातून महालापर्यंत पोहोचायचे. खेळ साठ मिनिटांचा आणि आमच्या वाट्याला दहा! पण ओढ काही कमी झाली नाही.

त्यातला आरसा आम्ही विसरलो नाही. चौथ्या टप्प्यात आरसा वाट अडवतो. धावत जाऊन त्यातूनच उडी घ्यावी लागते. शहजादा पार होतो, पण त्याची सावली वेगळी होऊन पळून जाते. पुढे हीच सावली तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि शांतपणे तिच्यापाशी जायचे. मग दोघे एक होतात.

पुढे डी.एड., बी.एड., नोकरी, संसार. २००३ सालचा ‘सँड्स ऑफ टाइम’ शेजारच्या घरी थोडाफार पाहिला, तेवढेच. आज आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. जूनमध्ये पटासाठी घरोघर फिरताना पालक विचारतात, “उर्दू पढके आगे क्या?” या प्रश्नाला रागावता येत नाही. आमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगाही इंग्रजी शाळेत आहे. उर्दू त्याला बोलता येते. लिपी येत नाही.

या भाच्याच्या संगणकावर आम्ही ‘द लॉस्ट क्राउन’ पाहिला. जानेवारी २०२४ मध्ये आलेला हा नवा भाग फ्रान्समधल्या माँपेल्ये इथल्या चमूने केला आहे. नायक सरगोन, पळवून नेलेला शहजादा गस्सान, आणि त्याला नेले कुठे? काफच्या डोंगरावर! तिथला सीमुर्ग नाहीसा झाला आहे आणि त्यामुळे काळच विस्कटला आहे. संवाद फारसीत ऐकण्याची सोयही आहे. फारसी आम्हाला येत नाही; पण अधूनमधून ओळखीचा शब्द कानावर पडला की अंगावर शहारा येई. दरवाजा, बाजार, हजार, जमीन हे शब्द तर मराठीनेही केव्हाच आपलेसे केलेले.

“खाला, ये सीमुर्ग क्या है?” भाच्याने विचारले. त्याला सांगितले, फिरदौसीच्या शाहनाम्यात टाकून दिलेल्या झालला याच पक्ष्याने वाढवले. अत्तारच्या ‘मंतिक-उत्-तैर’मध्ये पाखरे त्याला शोधायला निघतात. शेवटी तीसच उरतात, आणि त्यांना कळते की सीमुर्ग म्हणजे आपणच. कारण सी म्हणजे तीस आणि मुर्ग म्हणजे पाखरू. भाच्याने खेळ थांबवला आणि कागद पुढे सरकवला, “लिखके बताओ.” आम्ही सीन, ये, मीम लिहीत गेलो.

जुन्या खेळाचे प्रेम पुन्हा जागे झाले, ते केवळ बालपण आठवले म्हणून नव्हे. त्या जुन्या पर्शियात पर्शियाची भाषा ऐकू येत नव्हती. नानीचे कोहकाफ घरात, संगणक क्लासमध्ये. दोन्हींच्या मध्ये आरसा उभा होता. नव्या भागात सीमुर्गच्या पिसामुळे सरगोनला एक शक्ती मिळते: आपली छाया एका जागी ठेवून पुढे जायचे आणि क्षणात तिच्यापाशी परतायचे. आम्हीही तसेच परतलो.

एका खेळाने शाळेचा पट वाढणार नाही, हे आम्ही जाणतो. पोटाचा प्रश्न गोष्टींनी सुटत नाही, आणि इंग्रजीशी तलवार उपसून भांडल्यास वार आपल्याच मुलांना लागतील. पण मुले ज्या डोंगरावर आपणहून चढत आहेत, तिथली नावे आमच्या भाषेत आहेत, एवढे तरी त्यांना सांगता येते. सातवीच्या वर्गात आम्ही तीस पाखरांची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “आपा, ये परिंदा मोबाइल पे आता क्या?”

“आता है,” आम्ही म्हणालो, “लेकिन किताब में पहले आया.”

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या कपाटाची किल्ली मागायला तो स्वतःच आला.