मेघवनात ऊन

‘मेघवन’ हा शब्द आम्ही केवळ सोयीसाठी वापरीत आहोत. इंग्रजीत ज्याला क्लाउड फॉरेस्ट म्हणतात त्या अरण्यासाठी मराठीत रुळलेला शब्द आमच्या पाहण्यात नाही, आणि पर्जन्यवन म्हटले तर अर्थ निराळा होतो. पर्जन्यवनाला पाऊस लागतो. मेघवनाला पावसाने भागत नाही. ढग त्याच्या अंगावर यावा लागतो. समुद्रावरून निघालेली दमट हवा डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि नेमकी झाडांच्या उंचीवर आल्यावर तिच्यातली वाफ दिसू लागते. हा ढग पाऊस होऊन पडेलच असे नाही. तो झाडांतून गाळला जातो. पानांच्या टोकांवर, शेवाळाच्या झुबक्यांवर, नेच्यांच्या कडांवर त्याचे थेंब जमतात आणि दिवसभर खाली ठिबकत राहतात. उघड्यावर ठेवलेल्या पर्जन्यमापकात यातले फारसे काही सापडत नाही. ज्या महिन्यांत मापक कोरडे, त्या महिन्यांत हे अरण्य ढगावर जगते.

कोस्टारिकातील मोंतेवेर्दे हे अशा अरण्यांपैकी बहुधा सर्वांत प्रसिद्ध. तिलारान पर्वतरांगेच्या माथ्यावर, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर ते आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे एका बाजूने चढतात आणि दुसऱ्या बाजूला, पॅसिफिकच्या अंगाने, उतार कोरडा होत जातो. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आमचे तेथे तीन रात्री राहणे झाले. टेक्सासात राहणाऱ्या आमच्या मुलीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ते ठरविले होते. एका रात्रीचे भाडे किती, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. आम्ही ते तेथील माहितीपत्रकावरून काढले आणि पहिली रात्र त्या हिशेबातच गेली.

मराठीत ‘लॉज’ हा शब्द एसटी स्टँडासमोरच्या इमारतीला लावतात. तेथे एक खाट असते, एक दिवा असतो, आणि मागितल्यास टॉवेल मिळतो. हे ‘इको-लॉज’ त्या जातीचे नव्हते. लाकडी कुटीची एक संपूर्ण भिंत काचेची होती. बाहेर अंगणात ऊन पाण्याचा हौद होता, पलंगावर शुभ्र चादरी होत्या आणि उशीवर रात्री एक चॉकलेट ठेवलेले असे. स्नानगृहातील पत्रक सांगत होते की पृथ्वीच्या भल्यासाठी आपण टॉवेल दोन दिवस वापरावा. आमच्या घरी टॉवेल आठवडाभर वापरतात, त्यामुळे ही विनंती मान्य करणे जड गेले नाही. जे पाहुणे तेथे विमानाने आले होते, म्हणजे आमच्यासह जवळजवळ सगळेच, त्यांच्या विमानाविषयी पत्रकात काही नव्हते.

पण खोलीतील खरी मौल्यवान वस्तू कोपऱ्यात ठेवलेले एक यंत्र होती. हवेतील ओल शोषून घेणारे हे यंत्र दिवसरात्र गुरगुरत असे. त्याच्या पोटात एक डबा होता. सकाळी खोली आवरायला येणारी बाई तो काढून न्हाणीत ओती. पहिल्या सकाळी तो काठोकाठ भरला होता. आम्ही तिला ते कशाचे पाणी आहे असे विचारले. तिने काचेबाहेर बोट दाखविले. बाहेर काहीच दिसत नव्हते, नुसते पांढरे होते. तेथील चैन म्हणजे काय हे त्या डब्यापाशी आमच्या ध्यानात आले. कपडे वाळतात, चादर गार लागत नाही, पुस्तकाची पाने फुगत नाहीत, आणि याचे पैसे घेतले जातात. अरण्याचा सारा संसार ओलीवर चाललेला, आणि त्याच्या मधोमध आम्ही कोरडे.

न्याहारीच्या दालनाबाहेर एक फळा होता. त्यावर रोज सकाळी हवामान लिहिले जाई. ज्या दिवशी धुके असे त्या दिवशी खडूने एक रडवेला ढग काढलेला असे आणि खाली दिलगिरीचे एक वाक्य. ज्या दिवशी आकाश मोकळे असे त्या दिवशी हसरा सूर्य: ‘आज निकोयाचे आखात दिसेल!’ आंबोलीला आणि महाबळेश्वराला धुके पाहण्यासाठीच जाणाऱ्या लोकांत आम्ही वाढलो. धुक्याबद्दल माफी मागितली जाते हे आम्हांला नवे होते. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ तर व्यवस्थापिकेशी हुज्जत घालीत होते. आखाताचे दर्शन होईल म्हणून त्यांनी वरच्या रांगेतील महाग कुटी घेतली होती, आणि दोन दिवस त्यांना स्वतःचे अंगणसुद्धा दिसले नव्हते. बाई शांतपणे ऐकत होत्या. हे त्यांनी पूर्वीही ऐकलेले असावे.

त्याच सकाळी, त्या रडवेल्या ढगाखाली, आम्ही वाटाड्यासोबत अरण्यात शिरलो. वाटाड्या पन्नाशीचा होता, तेथलाच, वडील गुरे पाळणारे. तेथल्या बारीक तुषारांना स्थानिक स्पॅनिशमध्ये ‘मांजराचे केस’ म्हणतात, असे त्याने सांगितले. याहून अचूक शब्द आम्हांला सुचला नसता. ते पडत नाहीत, चिकटतात.

अशा अरण्यात झाड दिसणे कठीण. दिसतात ती झाडावर राहणारी झाडे. एकेका फांदीवर शेवाळाची गादी, तिच्यात नेचे, नेच्यांत ऑर्किड, आणि मध्येच अननसाच्या कुळातील ब्रोमेलियाड, ज्यांच्या पानांच्या बेचक्यात पाण्याची वाटी साठलेली असते. एकट्या ऑर्किडांच्याच चारशेहून अधिक जाती या परिसरात आहेत. आपल्याकडे दुसऱ्यावर वाढणाऱ्या वनस्पतीला बांडगूळ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे, आणि हा शब्द माणसांनाही शिवी म्हणून लावला जातो. या वनस्पतींवर तो अन्याय होईल. झाडातून त्या काही शोषत नाहीत. ढगातून पाणी आणि हवेतून आलेली खनिजे घेतात, मरतात, कुजतात, आणि वर फांदीवरच माती तयार करतात. नलिनी नाडकर्णी या अमेरिकन संशोधिकेने दोराने झाडांच्या माथ्यावर चढून या मातीचा अनेक दशके अभ्यास केला. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, म्हणून आडनाव आपल्या ओळखीचे. काही झाडे स्वतःच्या फांद्यांतून मुळे फोडतात आणि डोक्यावरच्या या मातीतून अन्न घेतात, हे त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील अरण्यात प्रथम पाहिले आणि १९८१ साली प्रसिद्ध केले. मोंतेवेर्देत त्यांनी काही फांद्यांवरील शेवाळ खरवडून काढले आणि ते परत यायला किती काळ लागतो हे मोजत बसल्या. वर्षांचा नव्हे, दशकांचा हिशेब निघाला. म्हणजे ही गादी एकदा वाळून गळली, तर पुढच्या पावसाळ्यात हिरवी होणारी ती वस्तू नव्हे.

वाटाड्याला आम्ही फळ्याविषयी विचारले. तो हसला. म्हणाला, त्याच्या लहानपणी या दिवसांत आई कपडे चुलीवर वाळवीत असे; आता या दिवसांत रस्त्यावर धूळ असते. पाहुण्यांना ती आवडते असे नाही, पण ऊन आवडते.

त्याच्या आठवणीला आकड्यांचा आधार आहे. १९९९ साली अॅलन पाउंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलेला लेख मोंतेवेर्देविषयीच होता. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून येथील कोरड्या ऋतूत धुके नसलेले दिवस वाढत गेले, आणि ही वाढ समुद्रपृष्ठाच्या तापमानाशी जुळत होती. समुद्र तापला की ढगाचा तळ वर सरकतो, असे त्यांचे अनुमान होते. ढग नाहीसा होत नाही. तो झाडांच्या डोक्यावरून निघून जातो. ३० चौरस किलोमीटरांच्या ज्या क्षेत्राचा त्यांनी विचार केला, तेथील बेडूक आणि भेकांच्या ५० जातींपैकी २० जाती १९८७ नंतर दिसेनाशा झाल्या होत्या.

त्यांतली एक सर्वश्रुत आहे. सोनेरी भेक या डोंगरमाथ्यावरच्या काही चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यात राहत असे, जगात इतरत्र कोठेही नाही. जे सॅव्हेज यांनी १९६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा नराचा भगवा रंग पाहून त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वर्षातील बहुतेक काळ हे प्राणी जमिनीखाली असत, आणि वळवाच्या सुमारास थोडे दिवस मुळांमधल्या डबक्यांपाशी जमत. १९८७ साली मार्था क्रंप यांनी तेथे दीड हजारांच्या वर भेक पाहिले. त्या वर्षी डबकी आटली. त्यांनी मोजलेल्या सुमारे ४३,५०० अंड्यांतून आठवड्यापलीकडे जगलेली पिल्ले २९ होती. १९८८ साली साऱ्या परिसरात मिळून दहा भेक दिसले. १९८९च्या मे महिन्यात एक नर दिसला, डबक्याच्या काठी एकटाच. त्यानंतर कोणालाही दिसला नाही, आणि २००४ साली ही जात नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

कारणाविषयी मतभेद आहेत, आणि ते लपविणे बरे नव्हे. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका घातक बुरशीने जगभर अशा अनेक जाती संपविल्या; ती येथेही पोहोचली असावी. २०१० साली झाडांच्या खोडातील नोंदी तपासणाऱ्या दोघा संशोधकांनी असे मांडले की १९८६-८७चा एल निन्योचा दुष्काळ हेच निमित्त होते, तापमानवाढीचा दीर्घ कल त्या नोंदींत दिसत नाही. तेव्हा हवेने भेक मारला असे सरळ विधान आम्ही करणार नाही. पण कोरडे दिवस त्याच्या बाजूने नव्हते, हे तर कोणीच नाकारीत नाही. लॉजच्या दुकानात तो अजून होता, चहाच्या कपांवर आणि किल्ल्यांच्या साखळीवर. रंग बरोबर उतरला होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूर्य उगवला. आखात खरोखरच दिसले, दूरवर, पत्र्यासारखे चमकणारे, आणि त्यात बेटे. दृश्य सुंदर होते यात शंका नाही. काल हुज्जत घालणारे गृहस्थ सर्वांना दुर्बीण देत होते. तेवढ्यात उपाहारगृहासमोरच्या झाडावर एक टूकन येऊन बसला, इंद्रधनुष्यी चोचीचा, ज्याचे चित्र प्रत्येक माहितीपत्रकावर असते. चमचे खाली ठेवले गेले, कॅमेरे वर आले. वाटाड्या आमच्या कानाशी म्हणाला, ‘हा खालचा पक्षी.’ सखल प्रदेशातील हा टूकन गेल्या काही दशकांत वर चढला आहे. पाउंड्स यांच्या लेखात त्याचाही उल्लेख आहे. आता तो क्वेत्झलच्या शेजारी घरटे करतो. क्वेत्झल कुजलेल्या खोडात पोकळी कोरतो आणि रानटी अव्होकॅडोची फळे गिळून बी बाहेर टाकतो, म्हणजे ते झाड पुढे नेतो. टूकन संधी मिळाली तर शेजाऱ्याची अंडी खातो. क्वेत्झललाही वर सरकता आले असते, पण त्याच्या वर डोंगर नाही. टूकन मोठा देखणा होता. आम्हीही त्याची छायाचित्रे काढली, ती चांगली आली आहेत.

असल्या लॉजांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वाटाड्याचे वडील अरण्य तोडून कुरण करीत. तो अरण्य दाखवून मुलांना शिकवितो. २०२० साली साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा त्याने परसात घेवडा लावला आणि वर्षभर तोच खाल्ला, असे त्याने सांगितले. पर्यटनाला नाके मुरडणाऱ्यांनी (आमच्या पिढीत ते पुष्कळ आहेत) हा घेवडा ध्यानात ठेवावा. कोस्टारिकाने १९९६च्या वनकायद्यानंतर इंधनावरील करातून जमीनमालकांना अरण्य राखण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. १९८०च्या दशकात देशाच्या सुमारे चतुर्थांश भूमीवर उरलेले वनाच्छादन आज निम्म्याहून अधिक झाले आहे. असे दुसरे उदाहरण फार थोड्या देशांना देता येईल.

मोंतेवेर्देत तर ही बुद्धी कायद्याच्या आधीची. १९५१ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातून काही क्वेकर कुटुंबे येथे आली. सक्तीची सैन्यभरती नाकारल्यामुळे त्यांच्यातील काही तरुणांनी तुरुंगवास भोगला होता, आणि कोस्टारिकाने १९४८ साली आपले सैन्यच मोडीत काढले होते. त्यांनी गाई पाळल्या, चीज केले. पण विकत घेतलेल्या जमिनीचा माथ्यावरचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांनी कुऱ्हाड न लावता ठेवला. सौंदर्यदृष्टी वगैरे त्यामागे नव्हती. खाली झऱ्यांना पाणी हवे होते. त्यांच्यातले विल्फर्ड गिंडन यांत्रिक करवती विकीत असत. १९७२ साली जॉर्ज पॉवेल या तरुण जीवशास्त्रज्ञासोबत राखीव अरण्य उभे करण्यात तेच पुढे होते, आणि नंतर त्यांनी आयुष्यभर त्याच्या वाटा राखल्या. आज हे राखीव अरण्य ४,००० हेक्टरांहून मोठे आहे. त्याला लागूनच स्वीडनमधील शाळकरी मुलांनी १९८७ साली सुरू केलेल्या वर्गणीतून उभे राहिलेले, त्याहून कितीतरी विस्तीर्ण ‘मुलांचे अरण्य’ आहे.

इतके सगळे झाले, ते जमिनीचे. ढग मात्र त्या कुंपणात तयार होत नाही. तो पूर्वेकडच्या सखल प्रदेशावरून चालत येतो, आणि तेथील सान कार्लोसच्या मैदानात कुरणांसाठी अरण्य केव्हाच तुटले. २००१ साली ‘सायन्स’मधील एका लेखाने दाखविले की उघड्या कुरणांवरून येणारी हवा अधिक उष्ण आणि कोरडी असते, आणि तिचा ढग उंचावर धरतो. म्हणजे माथा जपणाऱ्याचे पाणी पायथ्याच्या हाती, आणि त्याही पलीकडे समुद्राच्या. व्यवस्थापिका म्हणाल्या की आमच्या भाड्यातील काही भाग आणखी जमीन घेण्यासाठी जातो. तो जावाच. हेक्टरांचा सौदा करता येतो, खरेदीखत होते. कोणत्या कचेरीत जाऊन ढगाचे खरेदीखत करायचे?

दुसऱ्या रात्री यंत्राच्या डब्यात बोटभर पाणी जमले. तिसऱ्या रात्री आम्ही ते बंदच करून ठेवले. कोणत्याही तत्त्वासाठी नव्हे, गुरगुर सहन होईना म्हणून. सकाळी कपडे कोरडेच होते.

परतीचा रस्ता पॅसिफिकच्या अंगाने उतरतो. हा रस्ता पुष्कळ वर्षे खडबडीत कच्चा होता. तो तसाच राहावा, म्हणजे गर्दी आवाक्यात राहील, असे म्हणणारे गावातच होते. आता तो डांबरी आहे आणि तास-दीड तासात आपण खाली येतो. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली कुरणे, सावली शोधणाऱ्या गाई, पाठीमागे धूळ. एका वळणावर चालकाने गाडी थांबविली, छायाचित्रासाठी सगळे तेथे थांबतात म्हणून. आम्ही आखाताकडे पाठ करून वर पाहिले. माथ्यावर ढग होता, लांबलचक, पांढरा, डोंगराच्या रेषेला समांतर. त्याच्या खाली निळ्या आकाशाची एक फट होती आणि फटीखाली झाडे. ती फट नेहमी असते का, असे आम्ही चालकाला विचारले. त्याने गाडीतून वाकून बघितले. संध्याकाळपर्यंत खाली येईल, तो म्हणाला, आणि मग थोडे थांबून, काल काही आला नव्हता.