दोन आरशांचं काम

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कन्फोकल मायक्रोस्कोपची अलाइनमेंट माझ्याकडे आहे. लेझर सरळच जातो, मग त्यात जुळवायचं काय, असं घरचे अजून विचारतात. सरळ जातो हे खरं. पण ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या छिद्रातून तो मधोमध आणि जराही तिरका न होता जायला हवा. जागा आणि दिशा दोन्ही साधायच्या, म्हणून आरसेही दोन.

आधी घड्याळ, अंगठी, बांगड्या, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवते. चकचकीत वस्तूवरून किरण उलटून डोळ्यात जाऊ शकतो. लेझर 1 मिलिवॅटच्या आत ठेवते. खाली पडलेला स्क्रू उचलायचा असेल तरी आधी शटर बंद, मगच वाकायचं.

किरणाच्या वाटेवर दोन आयरिस, म्हणजे लहान-मोठी करता येणारी छिद्रं, असतात, एक जवळ, एक लांब. पहिल्या आरशाच्या नॉबने किरण जवळच्या आयरिसच्या मध्यावर आणायचा, दुसऱ्याने लांबच्या. दुसरा हलवला की पहिली जुळणी थोडी बिघडते. पुन्हा पहिला. दर फेरीला बिघाड कमी होतो. नवे विद्यार्थी इथेच कंटाळतात आणि दोन्ही नॉब एकदम फिरवतात. मग किरण शोधत बसावं लागतं.

मला आवडतो तो छताचा टप्पा. ऑब्जेक्टिव्ह काढला की आमच्या मायक्रोस्कोपमधून किरण थेट छतावर जातो. ठिपका पडेल तिथे कागद चिकटवून खूण करायची. मग 10 एक्सचा ऑब्जेक्टिव्ह लावला की ठिपक्याची मोठी फिकट चकती होते. तिचा मध्य खुणेवरच हवा. छत लांब, त्यामुळे एरवी कळणार नाही असा तिरकेपणाही तिथे बोटभर दिसतो. एवढ्या महागड्या यंत्राची परीक्षा सेलोटेपने डकवलेल्या कागदावर होते, याची मला गंमत वाटते.

488 नॅनोमीटरचा निळा जुळला की 561चा त्याच्यावर बसवायचा, पण त्याच्या स्वतःच्या आरशांनी. सामायिक आरशांना हात लावायचा नाही. शेवटी 100 नॅनोमीटरचे चमकणारे मणी बघायचे. बाजूच्या छेदात मणी उभा, लांबट दिसायला हवा. केळ्यासारखा वाकलेला दिसला, तर काम अजून बाकी आहे.

आणि इतकं करूनही सोमवारी सिग्नल निम्म्यावर येतो, कारण सुट्टीत कुणीतरी एसी बंद केलेला असतो. ॲल्युमिनियमचा 10 सेंटीमीटरचा खांब 1 अंशाने तापला की 2 मायक्रोमीटरहून जास्त वाढतो. सगळे भाग सारखे वाढत नाहीत, आरसे किंचित कलतात, आणि किरण पकडायचा असतो तो मायक्रोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या बारीक पिनहोलमध्ये. वीज दुसरीकडे वाचवा. लेझरच्या खोलीतला एसी सुट्टीतही चालू राहू द्या.