फ्रेंच शिकायला गेलेली लेक

मुलगी शिकायला परदेशी निघाली की आपल्या मोहल्ल्यात तीन प्रश्न ठरलेले असतात: खाणार काय, राहणार कुठे आणि लग्नाचे काय? ती तिथे बोलणार कशी, हे कोणी विचारत नाही. आमच्या घरात मात्र पहिले दीड महिने हाच प्रश्न सर्वांत मोठा होता.

आमची भाची श्रीरामपूरची. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकली. अकरावीत मार्क चांगले मिळतात म्हणून फ्रेंच घेतली, पुढे पुण्यात कॉलेज करताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचे वर्ग केले. गेल्या सप्टेंबरात ती फ्रान्समधल्या बझांसाँ या शहरी गेली. व्हिक्टर ह्यूगोचे हे जन्मगाव, नदीच्या वळणात वसलेले, वर डोंगरावर किल्ला. तिथल्या विद्यापीठाचे भाषा-केंद्र १९५८ मध्ये सुरू झालेले. व्याजाचे कर्ज नको म्हणून भाईजाननी रस्त्याकडेचा प्लॉट विकून पैसे उभे केले. त्यामुळे "नाही जमले तर परत ये" असे आम्ही म्हणत होतो खरे, पण ते कोणालाच सोपे नव्हते.

पहिल्या आठवड्यात सगळे ठीक होते. दुसऱ्यात फोन आखूड झाले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री ती रडली. तिथे आठ वाजले होते, आमच्याकडे साडेअकरा. "फुप्पीजान, पुण्यात मी वर्गात पहिली होते. इथे मुकी झाले आहे."

अडचण खरी होती. फ्रेंचमध्ये शब्दांची शेवटची अक्षरे बरेचदा उच्चारली जात नाहीत, आणि कधी उच्चारली तर पुढच्या शब्दाला चिकटतात. कागदावर ओळखीचे वाक्य कानाला एकच लांब शब्द वाटते. त्यात आकडे. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, पंच्याण्णव म्हणजे चार-वीस-पंधरा. फोन नंबर तर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. पलीकडचा माणूस भराभर बोलतो आणि हिची पेन हातातच राहते.

दादीअम्मा शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी अर्धे आयुष्य आठवडे बाजारात बांगड्या विकल्या. त्या म्हणाल्या, "ऐंशीला चार विसाच म्हणतात ना? नव्वद म्हणजे चार विसा न् दहा. यात रडायचे काय?" फोनवर पहिल्यांदा हसू ऐकू आले.

मग आम्हीही मास्तरकी सुरू केली. फ्रेंचचा 'र' घशातून येतो, आपल्या ग़ैनच्या अगदी जवळचा. ज्याने उर्दू नीट वाचली आहे त्याला तो अवघड नाही. नाकातले स्वर म्हणजे आपला नून-ए-ग़ुन्ना. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी, फ्रेंचमध्ये तेच पुल्लिंगी, आणि आपला चाँद तिकडे स्त्रीलिंगी. तीन लिंगांची मराठी सांभाळणाऱ्या मुलीने दोन लिंगांना का घाबरावे? शब्दही ओळखीचे निघाले. दुकानाला तिकडे 'मागाझाँ' म्हणतात, तो अरबी 'मख़ज़न'. आकड्याला 'शिफ्र', तो आपला 'सिफ़र'. बोलीत डॉक्टरला 'तूबीब', म्हणजे तबीब.

दादीअम्मांना ओढणीची काळजी होती. तिकडचा २००४ चा कायदा सरकारी शाळांना लागू आहे, विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना नाही, हे समजल्यावर त्यांना बरे वाटले. हलाल मटणाचे दुकान एका मोरोक्कन कुटुंबाचे निघाले. दुकानदाराची बेगम हळू बोलते, चूक झाली तर थांबून सांगते. भाचीची जीभ वर्गाआधी त्या दुकानात सुटली.

आम्ही तिला डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांच्याविषयीही सांगितले. १९०८ मध्ये हैदराबादेत जन्मलेले हे विद्वान पॅरिसमध्ये शिकले, अनेक वर्षे तिथेच राहिले, आणि १९५९ मध्ये त्यांनी केलेला कुरआनचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध झाला. दख्खनची माणसे या वाटेने आधीही गेली आहेत.

सहाव्या आठवड्यात तिला ताप आला. तिने स्वतः फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली आणि आपला नंबर जोड्या-जोड्यांनी सांगितला. पलीकडच्या बाईंनी तो एकदाच विचारला. ताप होता तरी त्या दिवशी ती खूश होती.

परीक्षा अजून व्हायची आहे. प्लॉटचे पैसे सार्थकी लागले का, ते इन्शाअल्लाह पुढे कळेल. पण ज्यांची मुले-मुली बाहेर निघाली आहेत, त्या पालकांना एवढे सांगावेसे वाटते. "जेवलीस का?" हे जरूर विचारा, पण "आज कोणाशी बोललीस?" हेही विचारा. उत्तर दोन दिवस टाळले गेले तर फोन लवकर ठेवू नका. आणि लहानपणी घरातली उर्दू व गावची मराठी दोन्ही नीट शिकवा. परक्या मुलखात मुलांना आधी त्याच उपयोगी पडतात.