हातभर अंतरावरचा उजेड

चित्रकारांच्या आणि फोटोग्राफरांच्या पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीचं कौतुक फार. ही पुस्तकं बहुतेक युरोपात लिहिलेली. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच कललेला असतो, त्यामुळे कामाच्या वेळात उत्तरेच्या खिडकीत ऊन शिरत नाही. येतो तो नुसता आभाळाचा उजेड, सकाळी दहाला जसा तसाच दुपारी तीनला. पुण्यात हे गणित पुरतं लागू पडत नाही. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा. मधल्या काळात भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्याला छज्जा अडवतो. सकाळच्या उन्हाला मात्र कोणी अडवत नाही. उन्हाळ्यात ते तिरपं होऊन थेट सोफ्यावर येऊन बसतं आणि समोरच्याचा एक डोळा मिटवून टाकतं. मग जून लागतो, ढग येतात आणि तक्रारच मिटते. सगळं आभाळ एकच मोठा दिवा होतं, तोही फुकटचा. पोर्ट्रेट काढायला पुण्यातल्या पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही, हे माझं ठाम मत आहे; भिजत आलेल्या पाहुण्यांना ते पटत नाही.

पण आभाळावर दुकान चालत नाही. साडेसहानंतर अंधारतं, आणि नोकरी करणाऱ्या माणसांना फोटो काढून घ्यायला साडेसहानंतरच वेळ असतो. म्हणून दिवे लागतात. दिवे म्हटलं की लोक आधी किमती विचारतात. मी त्यांना नाकाची सावली बघायला सांगते.

कोणालाही उन्हात उभं करा. नाकाची सावली गालावर कापून ठेवल्यासारखी पडते, कड सरळ, धारदार. त्याच माणसाला ढगाखाली उभं करा; सावली कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. सूर्य प्रचंड खरा, पण इतका लांब की इथून तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. ढग या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले. दिव्याचा मऊपणा त्याच्या किमतीत नसतो आणि वॉटमध्येही नसतो. चेहऱ्याच्या जागेवरून बघितलं तर तो केवढा दिसतो, एवढ्यावर ठरतो. मोठा दिवा लांब नेला की लहान होतो. लहान दिव्यापुढे कापड ताणून तो जवळ आणला की मोठा होतो. स्वस्तातल्या दिव्याचा उजेड लांबवर पोचतच नाही, म्हणून त्याला जवळ आणावंच लागतं, आणि जवळ आणलं की तो आपोआप मऊ पडतो. गरिबाच्या बाजूने असलेले निसर्गाचे नियम थोडे आहेत. हा त्यातला एक.

दुसरा नियम दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांच्या विशेष उपयोगाचा. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, चौपट झालं की सोळावा हिस्सा उरतो. आता माणूस दिव्यापासून दोन फुटांवर बसवला आणि मागची भिंत दिव्यापासून आठ फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच उजेड पडणार. पांढरी भिंत फोटोत गडद राखाडी येते. दिवा आणि माणूस दोघांनाही भिंतीकडे सरकवा, तीच भिंत उजळत जाते. ज्यांना बॅकग्राउंडचे कागद विकायचे असतात ते हे सहसा सांगत नाहीत. माझ्याकडे एकच भिंत आहे आणि तिच्यावर कॅलेंडरचा खिळा आहे. पाहिजे त्या दिवशी खिळा अंधारात जातो.

ताणायचं कापड आणि ते ताणायची चौकट, दोन्ही गावातच मिळतात. बोहरी आळीत पाऊण इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा, चार एल्बो, दोन टी. दुकानदार सवयीने सोल्युशनची डबी पुढे करतो. ती नको म्हणायचं, कारण सांधे चिकटवले नाहीत तर चौकट सुटी करून पलंगाखाली सरकवता येते. कापड मांजरपाट. नवा मांजरपाट खळीचा असतो, खळ धुऊन काढल्याशिवाय त्यातून उजेड सारखा येत नाही, ठिगळं दिसतात. पांढऱ्याशुभ्र कापडाचा मोह टाळावा. त्याला नीळ आणि चकाकी आणणारी द्रव्यं लागलेली असतात. डोळ्याला ते कापड शुभ्र वाटतं, फ्लॅशला निळं. मांजरपाट मुळातच सायीच्या रंगाचा, त्यातून आलेला उजेड चेहऱ्याला मानवतो. कापड मिळेपर्यंत बटर पेपर चालतो. तो मात्र तापणाऱ्या दिव्यापासून लांब ठेवायचा, घर आपलंच आहे.

कापडाचा हा महिमा सिनेमाने फार पूर्वी ओळखला. 1956 च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. अशा अंगणात वरून आभाळाचा उजेड झिरपतो, त्याला सावली जवळजवळ नसते. स्टुडिओतले दिवे थेट टाकले की भांडं, खांब, माणूस अशा प्रत्येकाच्या दोनदोन सावल्या पडणार. कॅमेरामन सुब्रत मित्र तेव्हा पंचविशीत होते. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे माणसांवर न टाकता त्या कापडावर टाकले. खाली आला तो परतलेला, मऊ, दिशा हरवलेला उजेड. सेटवर खरं आभाळ आहे असं वाटावं इतका. दिव्याचं तोंड फिरवायचं, एवढीच युक्ती. घरी छताला पांढरा रंग असेल तर फ्लॅशचं तोंड वर करून कोणीही ती करू शकतं.

छताला पांढरा रंग असेल तर. आमच्या भिंतींना घरमालकाने पिस्ता दिला आहे. डोळा असल्या गोष्टी माफ करतो, कॅमेरा करत नाही. पिस्त्यावरून परतलेला उजेड पिस्ताच असतो, तो गालाच्या सावलीच्या बाजूला जाऊन बसतो आणि माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो. त्यावर इलाज दोन. एक, सावलीच्या बाजूला पांढरं काहीतरी उभं करणं. पूर्वी यासाठी गणपतीच्या मखराचा थर्माकोल असायचा. 2018 च्या बंदीनंतर तो गेला, फ्रिजच्या खोक्यातला तेवढा कधीमधी हाती लागतो. आता फ्लेक्सवाल्याकडचा सनबोर्ड वापरते. दुसरा इलाज मला जास्त आवडतो. त्या बाजूला काळं कापड धरायचं. उजेड परततच नाही. गालाच्या हाडाखाली सावली भरते, जबड्याची रेघ उमटते, गोल चेहऱ्याला आकार येतो. शूटिंगच्या सेटवर असं काळं कापड किंवा पुठ्ठा लावून उजेड अडवतात, त्याला कटर म्हणतात. लोक दिवे वाढवण्यात पैसे घालवतात आणि चेहरा सपाट करून ठेवतात. घरातल्या स्टुडिओत उजेड कमी कधीच नसतो. तो नको तिथून आलेला असतो.

दिव्यांविषयी थोडक्यात. किराणा दुकानातला एलईडी बल्ब घ्यायला हरकत नाही, पण खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, किती लिहिलाय ते बघावं. साध्या बल्बचा 80च्या आसपास असतो, पोर्ट्रेटला 95 बरा. कमी पडतो तो मुख्यतः लाल: कुंकू विटकरीच्या जवळ जातं, ओठ फिके पडतात, त्वचेखालचं रक्तच कोणी काढून घेतल्यासारखं. आणि पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब, खिडकी हे तिन्ही एका फोटोत आणू नयेत. पुढे कॉम्प्युटरवर कितीही घासलं तरी तो रंग जात नाही. फोटोत आडवे पट्टे आले तर बल्ब बिघडला असं समजू नये. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणून दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्टे सहसा जातात.

एकदाच पैसे खर्च करायचे असतील तर मी एक साधा मॅन्युअल फ्लॅश, एक रेडिओ ट्रिगर, एक स्टँड आणि एक पांढरी छत्री घ्या म्हणेन. फ्लॅश चार पेन्सिल सेलवर चालतो, वीज गेली तरी अडत नाही. त्याचा लखलखाट इतका क्षणिक आणि जोरकस की शटर 1/160 च्या आसपास ठेवलं तर खोलीतली ट्यूब, टीव्ही, देवघरातला लाल बल्ब, सगळं फोटोतून नाहीसं होतं. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी लावतात. आमच्याकडे पाच किलो तांदूळ लावतात.

एका दिव्यात काय होतं याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात देखणं उदाहरण फोटो नाही, जलरंगातलं चित्र आहे. सावळाराम हळदणकरांचं, ‘ग्लो ऑफ होप’ नावाने गाजलेलं, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असलेलं. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. पण 1945 च्या सुमाराचं हे चित्र हळदणकरांचं, आणि त्यासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी. उभी स्त्री, एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीवर आडवा. खरं तर खालून आलेला उजेड चेहऱ्याचा शत्रू. नाकाची सावली वर कपाळाकडे जाते, भुवयांच्या वर काळोख, शाळेच्या सहलीत मुलं टॉर्च हनुवटीखाली धरून जे करतात तेच. हळदणकरांनी ज्योत दिसू दिली नाही. हाताने ती झाकली आणि बोटांमधून, बोटांच्या कडांमधून तांबूस होऊन येईल तेवढीच चेहऱ्यावर जाऊ दिली. मांजरपाटाचं काम इथे पंजाने केलं आहे. आणि दिवा हातभर अंतरावर आहे, म्हणून चेहरा उजळलेला आणि पदर खाली जाता जाता मावळलेला. फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे चित्र दाखवते आणि विचारते, दिवा कुठे आहे? सगळे हाताकडे बोट करतात. दिसत नसलेली वस्तू त्यांना अचूक सापडते.

आता आजींचं सांगते. खालच्या मजल्यावर राहतात, ऐंशी ओलांडलेली. एका संध्याकाळी नऊवारी नेसून, कानात कुड्या घालून वर आल्या.

“हे बघ, नंतर हार घालायला लागेल तो फोटो मला आत्ताच काढून हवाय. नाहीतर ही मुलं आधार कार्डावरचा मोठा करून लावतील.”

“आजी, असं काय बोलता!”

“का? ह्यांचा नाही का लावला, लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून. शेजारच्याचा खांदा अजून दिसतो त्यात.”

त्यांना खुर्चीत बसवलं, छत्री डावीकडून इतकी जवळ आणली की कॅमेऱ्यातून तिची कड दिसायला लागली, मग बोटभर मागे घेतली. दिवा अगदी बाजूला नेला असता तर सुरकुती न् सुरकुती खोदून निघाली असती. थेट समोर ठेवला असता तर सगळ्या पुसल्या जाऊन चेहरा बशीसारखा झाला असता. मधली जागा शोधली, डोळ्यांच्या पातळीपेक्षा हातभर वर. सनबोर्ड त्यांच्याच मांडीवर दिला, तो त्यांनी ताटासारखा दोन्ही हातांनी धरला. हनुवटीखालची सावली उचलली गेली.

अडचण चष्म्याची. दोन्ही काचांत पांढरी छत्री बसलेली, डोळे गायब.

“चष्मा काढता का आजी?”

“काढला तर यमसुद्धा ओळखायचा नाही मला.”

उजेड काचेवर ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, तेव्हा दिवा वर घेतला की परतलेला उजेड कॅमेऱ्याच्या खालून निसटतो. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून ठेवल्या. समोरून कळत नाही, पण काचा जमिनीकडे झुकतात आणि छत्री काचांतून निघून जाते. बुबुळांत मात्र तिचा लहान गोल ठिपका राहतो, आणि तो राहायलाच हवा. त्याच्यावाचून डोळा विझलेला दिसतो.

“आणि गोरी काढ हो.”

हे वाक्य मी फार जणांच्या तोंडून ऐकलंय. जुने स्टुडिओवाले त्यासाठी पावडरचा डबा ठेवायचे, मग दिवे भरपूर टाकायचे, आणि निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे. फिल्मच्या काळात रंग जुळवायला लॅबमध्ये जे नमुन्याचं कार्ड असायचं, त्यावर वर्षानुवर्षं एक गोरी बाईच असायची, कोडॅकची ‘शर्ली’. सगळी यंत्रं तिच्या कातडीच्या मापाने शिवलेली. आता फोन न विचारता तेच करतो. आपल्या सावळ्या रंगाला जास्त उजेड लागतो हा समज मला मान्य नाही. त्याला मोठा दिवा लागतो. सावळी त्वचा उजेड परतवते ती चकाकीने: कपाळाची उतरण, गालाचं हाड, नाकाची दांडी. दिवा लहान असला की तिथे पांढरे डाग पडतात आणि माणूस घामेजलेला वाटतो. दिवा मोठा आणि जवळ असला की तीच चकाकी रुंद पसरते आणि चेहरा घडवत जाते. आजींचा रंग मी होता तसा ठेवला. स्क्रीनवर त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. गोरेपणाविषयी काही बोलल्या नाहीत. कुड्यांमधले मोती नीट आलेत का तेवढं वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, “हाराचं नंतर बघू. आधी व्हॉट्सअ‍ॅपला लाव.”

त्यावरून त्यांच्या साताऱ्याच्या बहिणीचा फोन आला. तिलाही असाच पाहिजे, पण मोठ्या नथीसकट, आणि रविवारीच. नथीचे मोती म्हणजे ओठांवर सावली. दिवा थोडा खाली आणि मधोमध घ्यावा लागणार. तो घेईन. खरी अडचण वेगळीच आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून पाइपच्या चौकटीवर घरातले कपडे वाळत पडतात, मांजरपाट कपाटात गेलाय आणि स्टँडवर सासऱ्यांची छत्री ठिबकते आहे. रविवारी पाहुण्या यायच्या आधी सगळं उतरवून घड्या घालाव्या लागतील, आणि ओले टॉवेल कुठे टाकायचे यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.