वीणेजवळचा दिवा



गावच्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा वीणेचा पहारा तुम्ही कधी केला आहे का? नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावी मी तो बरीच वर्षे करतो. पूर्वी मंडपामागे भाड्याचा जनरेटर चाले. गळ्यातल्या वीणेची तार माझी मलाच ऐकू येत नसे. धूर वाऱ्याबरोबर आत येई. माझ्या आईला दमा. पारायण कधी न चुकवणारी ती, पण रात्री कीर्तनाला मंडपात बसू शकत नसे. लांब ओट्यावरून कानावर पडेल तेवढे ऐके.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली आरशांच्या ७३ तबकड्या बसवल्या. त्या ऊन एकवटून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा वरणभात शिजतो. ते पाहून आलेल्या एका जुन्या टाळकऱ्याने सप्ताहाच्या बैठकीत विचारले, "उन्हावर प्रसाद होतो, तर उन्हावर हरिपाठ का होऊ नये?"

वर्गणीतून एक किलोवॉटच्या सोलर प्लेटा आणि दोन बॅटऱ्या आल्या. तरुणांना मोठे हॅलोजन हवे होते. बाबांनी वही उघडली. ५०० वॉटचे ४ हॅलोजन ४ तास लावले, तर ८ युनिट. ९ वॉटचे २० बल्ब तेवढाच वेळ लावले, तर पाऊण युनिटही नाही. १५० वॉटच्या ध्वनिक्षेपकाला ३ तासांना अर्ध्या युनिटाहून कमी. आणि प्लेटा देणार चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट. हॅलोजनचा विषय तिथेच संपला.

खरी परीक्षा चौथ्या दिवशी झाली. श्रावणातले आभाळ दिवसभर भरलेले. रात्री आधी कमानीची रोषणाई बंद केली, मग पंखे, मग मंडपातले निम्मे बल्ब. माइक आणि वीणेजवळचा दिवा तेवढा ठेवला. कीर्तन पूर्ण झाले. तो दिवा काकड्यापर्यंत तेवत होता. आई त्या रात्री पुढच्या रांगेत बसली होती. दोन वाजता मी वीणा घेतली, तेव्हा तार स्पष्ट ऐकू आली.

माउली, एवढे वर्षे आपण किती वीज जाळत होतो आणि कीर्तनाला त्यातली किती लागत होती, हे आम्हाला आभाळ आले तेव्हा कळले. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या शेवटी पसायदानात त्यांनी सज्जनांना ताप नसलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. आपल्या मंडपाचा उजेडही तसाच असावा, कोणा म्हातारीला ओट्यावर बसवणारा नसावा.

यंदा तुमच्या गावी वर्गणीची वही उघडाल, तेव्हा पहिल्या पानावर एवढेच लिहा: आधी काय बंद करायचे आणि शेवटपर्यंत काय चालू ठेवायचे. पुढचा हिशेब आपोआप जुळेल.

रामकृष्ण हरी!